वडिलांबद्दलची कालवाकालव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, धाराशिव, परभणी या भागात समुपदेशनाचं काम करताना जे प्रश्न फिरून फिरून समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे कोणी पुण्यात नोकरीला, कोणी गावातच रान सांभाळून, कोणी सासरी. प्रश्न शक्यतो त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. ओळख लागेल असं सगळं बदललं आहे. उत्तरं माझी आहेत, सगळ्यांना पटतीलच असं नाही.

दादांचा राग येतो. ते समोर आले की कीव येते. पाठ फिरली की पुन्हा राग. यातलं खरं कुठलं?

दोन्ही खरं. आपल्याला हिशेब जुळवायची खोड असते. त्यांनी हे केलं, पण तेही केलं, मग शेवटी शिल्लक काय राहिली? बापाच्या बाबतीत ही वजाबाकी होत नाही. ज्याने भर लग्नात पाहुण्यांसमोर कानाखाली काढली, त्यानेच ताप चढला तेव्हा खांद्यावर टाकून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पळवलं. खांद्याची आठवण कानाखालची फेडत नाही, आणि कानाखालची आठवण खांद्याला खोटं पाडत नाही.

लोक माझ्याकडे निकाल मागायला येतात: बाप चांगला की वाईट ते सांगा. तो निकाल मी देत नाही. मी विचारते, फोन आठवड्यातून किती वेळा करायचा? महिन्याला पैसे किती पाठवायचे? दिवाळीला किती दिवस राहायचं, आणि कुठला विषय निघाला की उठून बाहेर जायचं? मनात काय येतं यावर फारसा ताबा नसतो, पण हे सगळं आज, राग तसाच असतानाही, बसून ठरवता येतं. बहुतेकांना इथेच पहिल्यांदा हायसं वाटतं.

आमच्यात बोलणंच नाही. फोन केला की "हां, आईला देतो" म्हणतात.

किनवटपासून परंड्यापर्यंत हाच अनुभव आहे. समोर बसून "मला तुमच्याशी बोलायचंय" म्हटलं की त्यांना वाटतं पोराला पैसे पाहिजेत, नाहीतर याने पोरगी पसंत केली.

आपल्याकडच्या बापांचं बोलणं कामाच्या आडून येतं. शेतीला रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात त्यांच्यासोबत मोटार चालू करायला जा. एकाने सांगितलेला प्रसंग. हरभऱ्याला पाणी चाललं होतं, बाप खोऱ्याने दारं धरत होता, हा बॅटरी घेऊन मागे. मधेच, काही विषय नसताना, बाप म्हणाला, "तुझ्या आजानं मला शाळेतून काढलं तवा मी सातवीत पहिला आल्तो." आणि लगेच, "तिकडं फुटलं बग पाणी, माती वड." संपलं. पोराने पुढे काही विचारलं नाही, आणि मला वाटतं ते बरंच केलं. आठ-दहा दिवसांनी बापाने स्वतःहून त्या मास्तरांचं नाव सांगितलं.

"तुम्हाला तेव्हा कसं वाटलं?" असं विचारू नका. "1972 च्या दुष्काळात तुम्ही केवढे होता? कुठल्या कामावर जायचे?" असं विचारा. आज पासष्टी-सत्तरीत असलेले बाप तेव्हा शाळकरी पोरं होती. त्यांतल्या कित्येकांनी दुष्काळी कामावर आईबापाशेजारी बसून खडी फोडली आहे, सरकारी मदतीतली सुकडी खाऊन दिवस काढले आहेत. किल्लारीच्या पट्ट्यात तर असे बाप भेटतात, ज्यांनी 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात एक लेकरू गमावलं आणि नंतर जन्मलेल्या लेकराजवळ त्याचं नाव कधी काढलं नाही. त्या मुलांना घरातली ती शांतता आपल्यावरचा राग वाटत आली.

हे कळलं म्हणून तुमच्या वाट्याला आलेलं कमी होत नाही. फक्त ते सगळं तुमच्यामुळे होत नव्हतं, एवढं कळतं.

माझ्या नीटच्या क्लाससाठी आप्पांनी दोन एकर विकलं. नंबर लागला नाही. त्यांच्यासमोर उभं राहवत नाही. आणि खरं सांगू का, त्यांचाच राग येतो.

लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी सायकली लावून चहाच्या टपरीवर उभी असलेली पोरं बघितली की मला नेहमी वाटतं, यातल्या किती जणांच्या पाठीवर सातबारा आहे. राग येणं साहजिक आहे. ते रान विका असं तुम्ही म्हणाला नव्हता, आणि आता ते फेडायची सोय नाही. न मागितलेल्या उपकाराचा राग फार अवघड असतो, कारण तो बोलून दाखवला की माणूस कृतघ्न ठरतो.

रान विकायचा निर्णय एका मोठ्या माणसाने घेतला. तुम्ही तेव्हा सोळा वर्षांचे होता. तुमच्याकडून त्यांना एक गोष्ट मात्र येणं आहे, ती म्हणजे खरी माहिती. मार्क किती पडले, कटऑफ किती होता, पुढे काय काय करता येतं, बीएएमएस, फार्मसी, नर्सिंग, कृषी, पुन्हा परीक्षा दिली तर खर्च किती. बरेच बाप पारावर गप्प बसतात ते राग म्हणून नाही; "काय झालं तुमच्या पोराचं?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तरच नसतं. ते उत्तर त्यांना द्या. एका कागदावर लिहून दिलं तरी चालेल.

आणि जगण्यातच राम नाही असं वाटायला लागलं असेल, तर हे पुढचं काही वाचत बसू नका. 14416 लावा, ही टेली-मानसची मोफत मदतवाहिनी आहे.

वडील दारू पितात. उतरली की देवमाणूस. आम्ही नेमकं कोणाशी वागायचं?

घरातल्या लेकरांना संध्याकाळी गाडीचा आवाज ऐकूनच कळतं की आज कोण येतंय. मोठं झाल्यावरही ती कान टवकारायची सवय सुटत नाही. नवऱ्याने जोरात दार लावलं तरी छातीत धस्स होतं.

दारूचं व्यसन हा आजार आहे, आणि त्या आजाराने तुमचं नुकसान केलं हेही खरं. पिलेल्या अवस्थेत वाद घालू नका, काही कबूल करून घेऊ नका, सकाळी बोला. भिंतींवर आणि एसटी स्टँडवर "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती असतात, त्या पावडरींच्या नादी लागू नका. अशी औषधं माणसाच्या नकळत जेवणातून दिली आणि वर तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. आणखी एक: वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू शपथ घालून एकदम तोडणंही धोक्याचं आहे. हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो. दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हे काम करतं आणि मराठवाड्यातून तिथे जाणारे पुष्कळ आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका पिणाऱ्यांसाठी असतात, अल-अनॉनच्या घरच्यांसाठी. वडील तयार नसले तरी तुम्ही एकटे जाऊ शकता. माझं तर म्हणणं आहे की आधी तुम्हीच जा.

ते आईला अजून मारतात.

मग हा भावनांचा प्रश्न नंतर बघू. आत्ता मार चालू असेल तर 112. महिलांसाठी 181, अठराच्या आतल्या मुलांसाठी 1098. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि आईला त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. "घरचं भांडण आहे" म्हणून कोणी परत पाठवलं तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

वडिलांनी आत्महत्या केली. सगळे म्हणतात रड, मोकळा हो. मला रडू येत नाही, संताप येतो.

येऊ द्या. ज्याच्यावर रागवायचं तोच नाही, म्हणून हा संताप कुठेही फुटतो: आईवर, बँकेच्या साहेबावर, बैलावर, स्वतःवर. "आम्ही त्यांना कमी पडलो का?" हा प्रश्न त्याच्या तळाशी असतो.

कोणताही माणूस एकाच कारणाने एवढ्या टोकाला जात नाही. नापिकी, कर्ज, तगादा, आजारपण, दारू, उपचार न झालेलं नैराश्य, चारचौघांत झालेला अपमान, यांतलं बरंच काही एकत्र साचत गेलेलं असतं. आदल्या रात्री तुम्ही मोबाइलसाठी भांडला होता, म्हणून हे झालं नाही. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण जवळपास प्रत्येक मुलाकडे अशी एक "आदली रात्र" असते.

त्यात आपल्याकडे दुःखाच्या मागोमाग फाइल येते. पंचनामा, तलाठी, पत्रकार, पुढारी, फोटो. 2006 च्या शासन निर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना मदत एक लाखाची. 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. आणि ती मिळायला नापिकी, कर्जाची परतफेड न होणं किंवा वसुलीचा तगादा यांतलं कारण कागदावर दिसावं लागतं. म्हणजे ज्या पोराला बाप कसा गेला हे अजून उमगलेलं नाही, त्याने बाप किती कर्जबाजारी होता याचे पुरावे गोळा करायचे. मग समिती सांगते, पात्र किंवा अपात्र. "आमचे अण्णा अपात्र ठरले" हे वाक्य मी पोरांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि त्यांच्या मनात तो शिक्का बापाच्या आयुष्यावरच बसलेला असतो. समितीने फक्त मदतीच्या निकषांत कागद बसले की नाही एवढं बघितलेलं असतं. कागदांची धावपळ शक्य असेल तर काका-मामांवर सोपवा. दहावी-बारावीच्या पोराला कचेरीत उभं करू नका.

लहान भावंडांना "हार्ट अटॅक आला" असं सांगू नका. शाळेत त्यांना आठवडाभरात खरं कळतं, आणि मग घरचा कोणताच शब्द त्यांना खरा वाटत नाही. "दादांचं मन खूप आजारी होतं, त्यांनी स्वतःचा जीव घेतला, यात तुझी काही चूक नाही." एवढं बास. पुढचं ते विचारतील तसं सांगा.

ज्या घरात असं एकदा झालं, तिथे उरलेल्यांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. फवारणीची औषधं घरात ठेवू नका. ठेवावीच लागली तर कुलपात, आणि किल्ली एकाच भरवशाच्या माणसाकडे. कोणी "मी बी जातो तिकडंच" असं हसत जरी म्हणालं, तरी ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

त्यांचं कर्ज आता माझ्या डोक्यावर आलं का?

वारसाहक्कात जेवढी मालमत्ता तुमच्याकडे आली, तिच्या मर्यादेत बँक वसुली करू शकते. तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या पगारावर आणि तुम्ही स्वतः घेतलेल्या जागेवर केवळ "मुलगा आहे" म्हणून हक्क सांगता येत नाही. बापाचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, या आधारावर वसुली करण्याची वाट हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने त्यापुढच्या कर्जांसाठी बंद केली आहे. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा; जमीन परत मिळू शकते. हे इथे मुद्दाम लिहिलं. बापाविषयीचा निम्मा राग खरं तर या भीतीचा असतो, आणि भीती कमी झाली की मग बापाची आठवण यायला जागा होते.

आईबाप ऊसतोडीला जायचे. मी आजीकडे वाढलो. आईचा राग येत नाही, बापाचा येतो. असं का?

कारण मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, बापाने घेतली. कोयता दोघांचा, पण अंगठा त्याचा. दसरा झाला की ट्रॅक्टर निघायचा आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायचा; तोवर पोरगं एक इयत्ता आणि एक आजारपण त्यांच्यावाचून काढून बसलेलं असायचं. बाप घरी आला की पाहुण्यासारखा, आणि लगेच हुकूम सोडायला लागायचा.

एक करून बघा. कुठली उचल कशासाठी घेतली होती ते विचारा. कुठली आत्याच्या लग्नाला, कुठली आजाच्या ऑपरेशनला, कुठली मागची फेडायला. राग जाईल असं मी म्हणत नाही. निदान तो एकट्या बापावर न राहता मुकादमापर्यंत, कारखान्यापर्यंत पोचेल, आणि तिथेही त्याचं काम आहे.

अण्णांनी माझे सगळे लाड केले. आता भावाच्या नावावर करायला हक्कसोडपत्रावर सही मागतायत. सही दिली नाही तर माहेर तुटेल.

आधी कायदा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हिस्सा आहे, जन्मापासून. ही 2005 ची दुरुस्ती. त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. अण्णांनी स्वतः कमावलेली जमीन ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर तीतही तुमचा वाटा. हा हिंदू वारसा कायदा बौद्ध आणि जैन कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबांचे नियम निराळे.

आता अण्णा. ज्यांनी सायकल घेऊन दिली, वसतिगृहात ठेवलं, त्यांनीच वाटणीच्या वेळी तुम्हाला धरलंच नाही, हे फार लागतं. लाड खोटे नव्हते. पण लाडावर त्यांची मर्जी चालते आणि हिश्श्यावर तुमचा हक्क, आणि कित्येक बापांना हे दोन वेगळे आहेत हे कोणी कधी सांगितलेलंच नसतं. राखीपौर्णिमेच्या साडीत एकर-दोन एकर मिटवायची आपल्याकडे रीतच आहे.

मी "सही करू नका" असं सांगत नाही. समजून उमजून, भावाची अडचण बघून सही केलेल्या आणि नंतर सुखाने माहेरी जाणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. पण लग्नाच्या गर्दीत, "चल, गाडी उभी आहे" म्हणून रजिस्ट्री ऑफिसला नेलेली बाई तो दिवस विसरत नाही. मसुदा आधी घरी मागवा, वाचा, चार दिवस घ्या. आणि अण्णांना एकदा तरी, भाऊ नसताना, विचारा, "तुम्हाला मनापासून काय वाटतं?" उत्तर आवडलं नाही तरी ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

लहानपणी ज्याने विचारलं नाही त्याला म्हातारपणी सांभाळायचं का?

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे, स्वतःच्या उत्पन्नातून भागत नसेल तर बाप उपविभागीय अधिकाऱ्यांकडे मुलांविरुद्ध अर्ज करू शकतो, आणि महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह देण्याचा आदेश होऊ शकतो. "त्याने मला सांभाळलं होतं का" अशी अट त्या कायद्यात लिहिलेली नाही.

पण औषधपाणी आणि दोन वेळचं जेवण बघणं म्हणजे त्यांना आपल्या घरात आणून रोज त्यांच्यासमोर बसणं नव्हे. पैसे पाठवा, गावात डबा लावा, भावंडांत वाटून घ्या. आणि हे सगळं बायकोच्या गळ्यात टाकून स्वतः रात्री दहाला घरी येऊ नका. तिने त्या माणसाचं काय घोडं मारलंय?

माफ करायलाच पाहिजे का? सगळे म्हणतात, बाप आहे, सोडून दे.

सक्ती नाही. "सोडून दे" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना सण शांततेत पार पडायला हवा असतो, इतकंच.

आपल्या पैठणचीच गोष्ट घ्या. एकनाथ महाराजांचा मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. बाप प्राकृतात पुराण सांगतो, कोणाच्याही घरी जेवतो, हे त्याला रुचलं नाही आणि तो काशीला निघून गेला, असं परंपरा सांगते. कीर्तनात या गोष्टीचा जोर बहुधा शेवटी मुलाचे डोळे उघडले यावर असतो. मला मात्र मधला भाग महत्त्वाचा वाटतो. नाथ स्वतः काशीला गेले, आणि मुलाच्या अटी मान्य करून त्याला घेऊन आले. चालत गेला तो बाप. तुमचा बाप एक पाऊल चालून आला असेल तर ते बघा. आला नसेल तर काशीचा सगळा रस्ता तुम्ही एकट्यानेच तुडवावा असं कुठे लिहिलेलं नाही.

पोरावर ओरडताना माझ्या तोंडून त्यांचाच आवाज निघतो.

निघणारच, लहानपणापासून तोच कानावर पडलाय. नेमका केव्हा निघतो ते आठवडाभर टिपून ठेवा. बहुतेकांचा संध्याकाळी, भुकेच्या पोटी, कामावरून आल्याआल्या निघतो. मग आधी हातपाय धुवा, चार घास खा, आणि अभ्यास नंतर घ्या. तोल गेलाच तर अर्ध्या तासाने पोराजवळ बसून म्हणा, "मघाशी माझं चुकलं." तो डोक्यावर बसत नाही. तुमच्या वडिलांनी हे वाक्य तुम्हाला कधी म्हटलं होतं का, आठवून बघा.

वडील वारले. त्यांचं श्राद्ध घालायचं मन होत नाही.

आईसाठी घालायचं असेल तर घाला, नसेल तर घालू नका. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात पूजा करताना त्यांची आठवण आली आणि आंबिलाचा घोट घशात अडकला, असं सांगणारेही आहेत, आणि त्यांनी श्राद्ध कधी घातलेलं नाही.

मदत कुठे मिळेल?

टेली-मानस 14416: चोवीस तास, मोफत, मराठीत. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढा, रांगेत बसा. पहिल्या भेटीत झोप, भूक, दारू, मनात येणारे विचार याबद्दल विचारतात. सगळी जन्मकथा सांगावी लागत नाही. गावात "येड्याच्या डॉक्टरकडं गेल्ता" अशी चर्चा होईल ही भीती असेल तर आधी फोनवर बोला. आशाताईंनाही विचारून बघा. कुठल्या घराला आधाराची गरज आहे हे त्यांना बऱ्याचदा आधी माहीत असतं.

गावात गेलं की प्रत्येक जण विचारतो, "वडलाशी बोलतूस का न्हाई?" काय सांगू?

"बरे आहेत ते." एवढं सांगायचं, आणि लगेच, "तुमच्या सोयाबीनला काय भाव लागला औंदा?" पुढचा अर्धा तास तेच बोलतात.